नास्काला दोन रात्री: वाळवंटातल्या रेषा नीट बघण्यासाठी आखणी कशी करावी

वाळवंटाच्या जमिनीवर काढलेल्या प्राचीन, प्रचंड रेषा आणि चित्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नास्काच्या वाट्याला पेरूच्या सहलीत बहुतेक वेळा अर्धा दिवस येतो. रात्रीच्या बसने पहाटे उतरायचं, अर्ध्या तासाची विमानफेरी मारायची, जेवायचं आणि दुपारी पुढची बस धरायची. असं करता येतं. पण मग माकड, कोळी, कंडोर गिधाड हे फोटोत पाहिलेले आकार वरून एकदा ओळखून आलो, एवढंच पदरात पडतं. ज्यांनी हे काढलं ती माणसं पाऊस न पडणाऱ्या जागी पाणी कुठून आणत होती, जमत कुठे होती, कशासाठी एवढा खटाटोप करत होती, याचा अंदाज जमिनीवर हिंडल्याशिवाय येत नाही. त्यासाठी दोन रात्री पुरतात. त्या कशा लावायच्या, ते इथे क्रमाने सांगतो.

दोन रात्रींमागे एक व्यवहाराचं कारणही आहे. विमान उडणार की नाही हे हवेवर ठरतं. सकाळी धुकं बसलं की उड्डाणं थांबतात आणि दुपारी वारा सुटला की पुन्हा अडचण होते. एकच सकाळ हाताशी असेल आणि ती गेली, तर एवढ्या लांब येऊन रेषा न बघताच परतावं लागतं. दुसरी सकाळ राखीव असली की जीव टांगणीला लागत नाही.

आधी जागा समजून घ्या

नास्का हे दक्षिण पेरूतलं, इका विभागातलं छोटं शहर. लिमापासून पॅन-अमेरिकन महामार्गाने साधारण ४५० किलोमीटर. उंची समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर, म्हणजे विरळ हवेचा त्रास इथे नाही. १२ नोव्हेंबर १९९६ च्या भूकंपात शहराचा बराच भाग कोसळला आणि पुन्हा उभा राहिला. त्यामुळे जुने वाडे, नक्षीदार चर्च असलं काही शोधत फिरू नका. चौक, बाजार, बसच्या कचेऱ्या आणि त्यांच्या मागे उघडे डोंगर, एवढाच मामला.

रेषा आहेत शहराच्या वायव्येच्या पठारावर, ज्याला तिथे 'पाम्पा' म्हणतात. १९९४ साली युनेस्कोने नास्का आणि पाल्पाच्या रेषांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. सुमारे ४५० चौरस किलोमीटरचा हा पसारा इसवी सनापूर्वी ५०० ते इसवी सन ५०० या काळातला धरला जातो. तो काढण्याची रीत ऐकायला सोपी आहे. पाम्पावर वरच्या थरात लोहाच्या गंजाने तांबूस-काळपट झालेले दगड पसरलेले असतात आणि त्यांच्या खाली फिकट पिवळसर माती. वरचे दगड वेचून कडेला रचले की फिकट पट्टा उघडा पडतो. बहुतेक ठिकाणी खोली वीतभरसुद्धा नाही. पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून दीड-दोन हजार वर्षं हे टिकलं.

'वरून पाहिल्याशिवाय काढलंच कसं?' हा प्रश्न हमखास निघतो आणि त्यावर परग्रहवासीयांच्या गोष्टी रचल्या जातात. त्या गोष्टी मला मनापासून खटकतात, कारण ज्यांनी ऊन सोसत दगड वेचले त्यांचं श्रेय त्या काढून घेतात. खुंट्या, दोऱ्या आणि चांगली नजर एवढ्यावर हे काम होतं. १९८२ साली अमेरिकेत मोजक्या माणसांनी लाकडी खुंट्या आणि दोऱ्या वापरून कंडोरची पूर्ण आकाराची प्रतिकृती एका शेतात काढून दाखवली. नास्काच्या काही रेषांच्या टोकांना जुन्या लाकडी खुंट्यांचे अवशेषही मिळाले आहेत.

'कशासाठी' याचं उत्तर एकच नाही. पेरूचे पुरातत्त्वज्ञ तोरिबिओ मेहिया हेस्पे यांनी १९२० च्या दशकात या रेषांकडे लक्ष वेधलं. पुढे अमेरिकी अभ्यासक पॉल कोसॉक आणि जर्मन गणितज्ञ मारिया राइखे यांनी त्यांच्यात सूर्य-ताऱ्यांचं पंचांग शोधलं. नंतरच्या गणितांत बहुसंख्य रेषा आकाशातल्या दिशांशी जुळत नाहीत असं दिसलं. आज अभ्यासक पाणी, विधी आणि रेषेवरून चालत जाण्याची प्रथा यांच्याकडे जास्त झुकतात. २०२४ मध्ये जपानच्या यामागाता विद्यापीठाच्या मासातो साकाई यांच्या गटाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ३०३ नवी चित्रं नोंदवली. त्यात त्यांना एक भेद दिसला. छोटी, उठावाची चित्रं पायवाटांच्या कडेने आहेत आणि त्यांत माणसं, पाळीव जनावरं जास्त. मोठी, रेषेने काढलेली चित्रं लांब रेषांच्या आणि समलंब चौकोनांच्या जाळ्यालगत आहेत आणि त्यांत रानटी प्राणी जास्त. एकीकडे येता-जाता चार जणांनी बघायचं, दुसरीकडे साऱ्या समाजाने एकत्र येऊन काही करायचं, असा त्याचा अर्थ लावला जातो. हे डोक्यात ठेवून गेलात की विमानातून नुसते प्राणी मोजत बसणार नाही, लांब रेषाही बघाल.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. रत्नागिरी, राजापूर, सिंधुदुर्गच्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. रीत वेगळी, कारण तिकडे जांभ्यात कोरलेलं आहे आणि इकडे दगड वेचून काढलेलं. पण जमिनीवर प्रचंड चित्र काढून त्याच्याभोवती वावरायचं ही ओढ तीच. उक्षी किंवा कशेळीचा हत्ती आधी पाहून गेलात तर नास्काला तुम्ही जास्त चांगले प्रश्न विचाराल.

घरून निघण्याआधी

व्हिसाचं आधी बघा. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल, किंवा तिथला रहिवासी परवाना असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. ही सवलत २०१७ पासून आहे. नसेल तर दिल्लीच्या पेरू वकिलातीकडे अर्ज करावा लागतो. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर ताजी स्थिती पाहा. भारतातून लिमाला थेट विमान नाही. युरोपातून किंवा अमेरिकेतून जावं लागतं आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी तिथला व्हिसा लागतो.

दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही, ती पिवळ्या तापाची लस. नास्काच्या वाळवंटात तो आजार नाही, पण पेरूचा ॲमेझॉनकडचा भाग त्या पट्ट्यात येतो आणि भारत सरकारच्या यादीत पेरूचं नाव आहे. परतताना विमानतळावर लसीचं प्रमाणपत्र नसेल तर तुम्हाला विलगीकरणात ठेवता येतं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. सरकारमान्य केंद्रांवरच घ्या, आधी वेळ ठरवून जा आणि पासपोर्ट न्या. एकदा घेतली की ती आयुष्यभर चालते. प्रमाणपत्राचं ते पिवळं पुस्तक पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा.

महिना कुठला? नास्काला जवळपास वर्षभर कोरडं ऊन असतं. डिसेंबर ते मार्च तिथला उन्हाळा, तेव्हा दुपार भाजून काढते. जून ते ऑगस्ट हिवाळा, तेव्हा दिवस सुखाचे, रात्री गार, पण सकाळच्या धुक्याची शक्यता जास्त. बहुतेक जण माचू पिचूही जोडून घेतात आणि तिकडचा कोरडा मोसम मे ते सप्टेंबर. दोन्ही जमवायचं तर मे किंवा सप्टेंबर बरे. २८ आणि २९ जुलैला पेरूचा स्वातंत्र्यदिन असतो, तेव्हा बस आणि हॉटेलं भरलेली असतात. ते दिवस टाळा.

लिमाहून नास्का

लिमा-नास्का नियमित प्रवासी विमानसेवा नाही, बसनेच जायचं. सात-आठ तास धरा. लिमाच्या वाहतुकीत त्यात आणखी भर पडू शकते. बस चांगल्या असतात. जवळजवळ आडवी होणारी आणि अर्धी मागे झुकणारी अशी दोन प्रकारची आसनं मिळतात. तिकिटाला पासपोर्ट नंबर लागतो आणि चढतानाही पासपोर्ट बघतात. सगळ्या कंपन्यांची बस एकाच स्थानकावरून सुटेल असं धरून चालू नका. अनेकांचे स्वतःचे थांबे आहेत. तिकिटावरचा पत्ता टॅक्सीवाल्याला दाखवा, नुसतं 'बस स्थानक' म्हणून सांगितलंत तर भलतीकडे पोचाल.

मी दिवसाच्या बसचाच आग्रह धरेन. सकाळी लवकर निघालं की दुपारी दोन-तीनपर्यंत नास्का येतं आणि वाटेत समुद्र, वाळूचे डोंगर, इकाची द्राक्षं आणि पाल्पाचं हिरवं खोरं उजेडात दिसतं. वाळवंटात मध्येच हिरवी पट्टी येते आणि नदीचं खोरं संपताच ती सुरीने कापल्यासारखी थांबते. पुढच्या दोन दिवसांत पाण्याबद्दल जे ऐकाल त्याची ही पहिली ओळख. बॅग डोक्यावरच्या फळीवर न ठेवता पायाशी, पट्टा पायात अडकवून ठेवा. निघण्याच्या आदल्या दिवशी महामार्गावर आंदोलन नाही ना, हे हॉटेलात विचारा. २०२२-२३ च्या आंदोलनांत इका भागातला रस्ता अनेक दिवस अडवला गेला होता.

लिमाहून एका दिवसात नास्का करून आणणाऱ्या सहली विकल्या जातात. पहाटे अंधारात निघून रात्री उशिरा परत. चौदा-पंधरा तास गाडीत बसून अर्धा तास रेषा! घरातल्या मोठ्या माणसांना तर यात अजिबात घालू नका. वेळ खरंच कमी असेल तर पिस्को किंवा इकाहूनही रेषांवर जाणारी विमानं आहेत. फेरी लांब आणि महाग पडते, पण रस्त्यावरचे तास वाचतात. किनाऱ्यावरच्या पाराकासला मुक्काम असेल तर बायेस्तास बेटांच्या बोटीतून डोंगराच्या उतारावरचा 'कांदेलाब्रो' हा प्रचंड त्रिशूळासारखा आकार दिसतो. तो वेगळ्या परंपरेतला आहे, पण त्याच किनारपट्टीवरचा.

पहिली दुपार: मिरादोर

नास्काला बसमधून उतरताच दोन-चार जण पुढे येतील. तुमचं हॉटेल बंद झालंय, दुसरीकडे चला, विमान आमच्याकडून स्वस्तात पडेल, असं काहीबाही सांगतील. हसून 'नो, ग्रासियास' म्हणा आणि चालू लागा. हॉटेल प्लाझा दे आर्मास या मुख्य चौकाच्या आसपास घ्या. खाणावळी, एटीएम आणि बसच्या कचेऱ्या तिथून जवळ पडतात. वातानुकूलन असेल तर उत्तम, नाहीतर निदान पंखा आहे का, ते विचारा.

सामान टाकलं की उशीर न करता मिरादोर गाठा. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, महामार्गाच्या कडेला हा लोखंडी मनोरा आहे. मूळ मनोरा मारिया राइखे यांनी १९७६ साली उभारून घेतला. जाण्यासाठी टॅक्सी ठरवा, जाऊन-येऊन आणि थांबण्याचा वेळ धरून भाडं आधीच बोला, कारण मीटर नसतात. इकाकडे जाणाऱ्या स्थानिक बसही इथे सोडतात, परतताना हात दाखवून बस थांबवावी लागते. तसं जाणार असाल तर टोपी आणि पाणी हवंच, रस्त्यावर सावली नाही. बंद व्हायची वेळ आधी विचारून ठेवा.

दुपार कलल्यावर यायचं कारण प्रकाश. सूर्य डोक्यावर असताना सगळा पाम्पा सपाट, एकरंगी दिसतो. ऊन तिरपं झालं की कडेला रचलेल्या दगडांची बारीक सावली पडते आणि रेषा उठून दिसू लागतात. इथून 'हात' आणि 'झाड' या दोन आकृती नीट दिसतात. हातांची बोटं मोजा, नऊ भरतात. झाड हे तिथल्या वाळवंटी हुआरांगोचं मानलं जातं. आपल्या शमीचं आणि वेड्या बाभळीचं जवळचं नातलग. खोल मुळांनी माती धरून ठेवणारं हे झाड नास्काच्या लोकांनी शेतीसाठी मोठ्या प्रमाणावर तोडलं आणि त्यामुळे पुराचा तडाखा वाढला, असं एका संशोधनाचं म्हणणं आहे.

तिसरी आकृती सरड्याची. ती पुरी दिसत नाही, कारण महामार्ग तिच्या अंगातून आरपार गेला आहे. ज्या रस्त्याने तुम्ही आलात तोच हा. मनोऱ्यावर उभं राहून एका बाजूला सरड्याचा एक तुकडा आणि दुसऱ्या बाजूला उरलेला भाग बघताना जे वाटतं, ते कुठल्याही विमानातून वाटणार नाही. अजाणतेपणी केवढं नुकसान होतं! म्हणूनच रस्ता सोडून पाम्पात एकही पाऊल टाकायचं नाही, हा नियम मनापासून पाळा. २०१४ च्या डिसेंबरमध्ये हमिंगबर्डच्या शेजारी फलक पसरायला गेलेल्या कार्यकर्त्यांच्या पावलांचे ठसे उमटले, २०१८ मध्ये एक मालट्रक रस्ता सोडून आत शिरला आणि चाकोऱ्या उठल्या. या जमिनीवर उमटलेलं पुसून टाकायला पाऊस येत नाही. परवानगीशिवाय ड्रोनही उडवू नका.

मनोऱ्यापासून जवळच 'मिरादोर नातुराल' नावाचं टेकाड आहे. त्याची वाट दुरुस्त करताना २०२० मध्ये पहुडलेल्या मांजराची सुमारे ३७ मीटर लांबीची आकृती सापडली. वेळ उरला तर आणखी काही किलोमीटर उत्तरेला मारिया राइखे यांचं राहतं घर आहे, आता तिथे संग्रहालय आणि त्यांची समाधी आहे. १९०३ मध्ये ड्रेस्डेनला जन्मलेल्या या गणितज्ञ बाईंनी १९४० च्या दशकापासून पुढचं सगळं आयुष्य या रेषा मोजण्यात, केरसुणीने साफ करण्यात आणि त्या टिकाव्यात म्हणून सरकारशी भांडण्यात घालवलं. १९९८ मध्ये त्या गेल्या. साधी खोली, नकाशे आणि जुनी फोक्सवॅगन गाडी एवढंच बघायला आहे, पण चुकवू नका. तिथूनच सुरुवात करून येताना मिरादोर घेतलं तर उन्हाचं गणितही जुळतं.

दुसरी सकाळ: विमान

विमानतळ शहराच्या कडेलाच आहे, त्याला मारिया राइखे यांचंच नाव दिलं आहे. पासपोर्ट मूळ प्रत लागते, झेरॉक्स चालत नाही. फेरी अर्ध्या तासाच्या आसपास असते. दर मोसमाप्रमाणे बदलतो, शंभर अमेरिकी डॉलरच्या मागेपुढे धरून चला. विमानतळाचा कर वेगळा, तो तिथेच स्थानिक चलनात, म्हणजे सोलमध्ये भरावा लागतो. म्हणून दर विचारताना 'यात कर धरलाय का?' हे विचाराच.

कंपनी निवडताना स्वस्ताईच्या मागे लागू नका. २०१० आणि २०२२ या दोन्ही वर्षी फेब्रुवारीत इथे पर्यटकांचं विमान कोसळलं आणि दोन्ही वेळा विमानातले सातही जण गेले. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. विमानं रोज उडतात आणि माणसं सुखरूप उतरतात. पण चार प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे. विमान कुठलं? वैमानिक दोन आहेत ना? प्रत्येकाला खिडकी आहे ना? हवा बिघडल्यास पैसे परत की दुसऱ्या दिवशी जागा? आरक्षण कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा विमानतळावरच्या खिडकीतून करा. रस्त्यावरच्या दलालाच्या हातात पैसे देऊ नका.

वेळ सकाळची घ्या. अगदी पहिल्या उड्डाणापेक्षा धुकं विरल्यानंतरचं, आठ ते दहाच्या दरम्यानचं बरं. दुपारकडे तापलेल्या जमिनीमुळे हवा उसळते आणि विमान हेलकावे खातं. आरक्षण ठरल्या वेळेचं असलं तरी तास-दोन तास बाकावर बसून काढायची तयारी ठेवा. त्या दिवशी पुढची बस दुपारची धरू नका.

आत गेल्यावर आधी वजनकाट्यावर उभं करतात. विमान चार-सहा ते डझनभर प्रवाशांचं, त्यामुळे कोण कुठे बसणार हे वजनाच्या तोलावर ठरतं. हवी ती जागा मागून मिळत नाही आणि जोडपीही वेगळी बसतात. शंभर किलोच्या वर वजन असेल तर काही कंपन्या जादा पैसे घेतात, ते आधी विचारा. कुठल्या बाजूला बसलो याची चिंता नको. वैमानिक प्रत्येक आकृतीभोवती एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे कलून वळतो.

हे कलणंच पोटाला सोसत नाही. गाडी लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून ॲव्होमिनसारखी गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, तिने झोप येते हे लक्षात ठेवून. रिकाम्या पोटी जाणं आणि भरपेट खाऊन जाणं दोन्ही वाईट. दोन कोरडी बिस्किटं, आलेपाकाची वडी, घोटभर पाणी एवढंच. तुमच्या बाजूची वेळ नसेल तेव्हा नजर लांब क्षितिजावर ठेवा आणि मोबाइलच्या पडद्यात डोकं घालू नका. बरेच जण छायाचित्रांच्या नादातच आजारी पडतात.

नजर कुठे लावायची ते आता सांगतो, कारण पहिल्या दोन-तीन आकृती यातच हुकतात. हातात आकृत्यांचा नकाशा देतात. सहवैमानिक कानातल्या यंत्रातून सांगतो, 'उजवीकडे, पंखाच्या टोकाखाली, माकड.' तेव्हा लांब बघायचं नाही. पंखाच्या टोकाकडे बघायचं आणि त्याच्या जरा खाली. वाटलं होतं त्यापेक्षा आकृती लहान आणि फिक्या दिसतात. हमिंगबर्ड नव्वदहून अधिक मीटरचा, कंडोर सव्वाशेहून अधिक मीटरचा, पण तो अफाट पाम्पा त्यांना गिळतो. कोळी तर ४६ मीटरचाच. पहिल्यांदा नजरेत भरतात त्या लांबच लांब सरळ रेषा आणि समलंब चौकोन. त्यांच्यात डोळा फिरवत असताना अचानक माकडाची गोल गुंडाळलेली शेपटी लागते आणि मग सगळं माकड जागच्या जागी उमटतं. टेकडीच्या उतारावर 'अंतराळवीर' म्हणून ओळखली जाणारी गोल डोळ्यांची आकृती आहे. नाव आताच्या लोकांनी दिलेलं आहे, त्यावर जाऊ नका.

पहिल्या फेरीत नुसतं बघा, दुसऱ्या बाजूच्या वळणात फोटो काढा. गडद रंगाचा शर्ट घाला, म्हणजे काचेत त्याचं प्रतिबिंब पडत नाही. आणि फोटो नाही आला तर नाही आला, तो तुम्हाला कुठेही मिळेल.

तीच दुपार: पाण्याकडे

उतरल्यावर जेवून दोन तास विश्रांती घ्या, पोट ठिकाणावर येऊ द्या. चारच्या सुमारास कांतायोकला जा. शहरापासून चार-पाच किलोमीटर. नास्काच्या मुक्कामात मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा ही.

जमिनीत गोल गोल उतरत गेलेले दगडी खड्डे एका ओळीत दिसतात. त्यांना 'ओहोस', म्हणजे डोळे म्हणतात. गोलाकार वाटेने उतरत तळाशी गेलं की पायाशी वाहतं पाणी असतं, थंड, स्वच्छ आणि चालतं. डोंगराकडून जमिनीखालून येणारं पाणी हे कालवे धरतात, भुयारातून पुढे आणतात आणि शेतात सोडतात. हे खड्डे हवा आत खेळवायला आणि आत उतरून गाळ काढायला. अशा कालव्यांना 'पुकियो' म्हणतात, या खोऱ्यांत ते तीस-चाळीस आहेत आणि बरेचसे आजही शेतांना पाणी देतात. बहुतेक अभ्यासक ते नास्का काळाचे मानतात. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना इथली अक्कल पटकन कळेल. डोंगरातलं पाणी जमिनीखालून आणणं आणि वर ठरावीक अंतराने उघडी तोंडं ठेवणं, तत्त्व तेच.

वर पाऊस नाही, नद्या वर्षातले बरेच महिने कोरड्या, आणि तळाशी हे वाहतं पाणी. सकाळी वरून पाहिलेल्या रेषा आणि हे पाणी एकाच लोकांच्या जगण्यातले आहेत, हे इथे उभं राहिलं की ध्यानात येतं. खड्ड्यांच्या कडांचे दगड ढिले असतात, ठरवून दिलेल्या वाटेनेच चाला. तिकीट घेताना जवळच्या इतर जागाही त्यात येतात का विचारा. पारेदोनेस हे इंका काळातलं मातीच्या विटांचं ठाणं वाटेवरच आहे, वीस मिनिटं पुरेत.

संध्याकाळी शहरातलं अंतोनिनी संग्रहालय उघडं असेल तर तासभर द्या. नास्काच्या रंगीत मातीच्या भांड्यांवर तेच प्राणी आहेत जे पाम्पावर आहेत. मागच्या अंगणात एक जुना जलमार्गही आहे.

तिसरी सकाळ: कावाची, की चाउचिया

आदल्या दिवशी विमान उडालं नसेल तर ही सकाळ त्याची. उडालं असेल तर दोनपैकी एक निवडा.

चाउचिया हे शहराच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवरचं प्राचीन दफनस्थान. थडगी लुटारूंनी उपसली, सोनं-भांडी नेली आणि हाडं उन्हात टाकली. नंतर ते अवशेष पुन्हा खड्ड्यांत बसवून वर छप्पर घातलं. सुती कापडात गुंडाळलेली, केस शाबूत असलेली माणसं तिथे बसलेली दिसतात. बहुतेक सहली इकडेच नेतात. मुलं बरोबर असतील तर विचार करून जा आणि हसत-खिदळत फोटो काढू नका, ते स्मशान आहे.

माझा कौल कावाचीला. शहरापासून अठ्ठावीसेक किलोमीटर, बराच रस्ता कच्चा, त्यामुळे गाडी आणि वाटाड्या ठरवूनच जायचं. नास्का नदीच्या काठावर मातीच्या विटांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या देवळांचा हा परिसर. गाव म्हणून फारसं कुणी इथे राहत नसावं, लोक ठरावीक काळी विधींसाठी जमत असावेत, असं मानलं जातं. इटलीचे पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे ओरेफिची यांनी इथे कित्येक दशकं उत्खनन केलं. इथून नदीपलीकडे रेषांचा पाम्पा समोरच येतो. दुपारी वाऱ्याने वाळू डोळ्यांत जाते, म्हणून सकाळी आठलाच निघा. जमिनीवर रंगीत खापरं पडलेली दिसतील. उचलू नका, खिशात तर मुळीच टाकू नका. पुरातन वस्तू देशाबाहेर नेणं पेरूत गुन्हा आहे.

सेरो ब्लांको ही शहराजवळची वाळूची टेकडी जगातल्या सर्वांत उंच टेकड्यांत गणली जाते, माथा समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर. पहाटे चढून वाळूवरून घसरत उतरतात. त्यासाठी तिसरी रात्र काढा, विमानाच्या दिवशी हे जोडू नका.

खाण्यापिण्याचं

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, पण विचारून घ्यावं लागतं. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' म्हणजे मटण-गोमांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. तिन्ही म्हणा, कारण नुसतं 'कार्ने' नको म्हटलं तर कोंबडी येऊ शकते. सूप बहुधा कोंबडीच्या पाण्यातलं असतं. इका भागाची शान म्हणजे 'पायारेस', आपल्याकडच्या डबल बीच्या जातीचे मोठे पांढरे दाणे. ते भाताबरोबर मागा. उरलेला भात आणि डाळदाणे परतून केलेलं 'ताकू-ताकू' पोटभरीचं. 'चिफा' पाटीच्या चिनी-पेरुवियन खाणावळीत भाज्या घातलेला 'आरोस चाउफा' मिळतो, अंडं नको असेल तर 'सिन उएवो' सांगा. दुपारचं 'मेनू' म्हणजे ठरावीक थाळी, स्वस्त आणि ताजी. जांभळ्या मक्याचं 'चिचा मोरादा' जरूर प्या. नळाचं पाणी पिऊ नका. खाकरे, चटणी, मेतकूट बरोबर न्या, पण ताजी फळं किंवा बिया नेऊ नका, सीमाशुल्कवाले अडवतात.

रोख सोल जवळ असू द्या आणि लहान नोटा ठेवा. मोठी नोट टॅक्सीवाला मोडून देत नाही. सुटे घेताना नोट उजेडात धरून बघा, तिथले दुकानदारही तसंच करतात, कुणाला राग येत नाही.

पुढचा टप्पा

अरेकिपाकडे रात्रीची बस नऊ-दहा तासांत पोचते आणि शहर २,३०० मीटरच्या आसपास असल्याने शरीर हळूहळू उंचीला सरावतं. माचू पिचूकडच्या कुस्को शहराची बस चौदा-पंधरा तासांची, घाटाघाटाने चार हजार मीटरच्या वर जाऊन मग कुस्कोच्या ३,४०० मीटरवर उतरते. वळणं आणि विरळ हवा एकदम अंगावर येतात. वेळ असेल तर अरेकिपामार्गे जा. थेट कुस्कोच गाठायचं असेल तर खालच्या मजल्यावरची जागा घ्या, गरम कपडे बॅगेच्या डब्यात न टाकता हाताशी ठेवा, रात्रीचं जेवण हलकं करा आणि उंचीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना भारतातूनच विचारून निघा. जानेवारी ते मार्च या काळात डोंगरात पाऊस असतो, दरडी पडतात. तेव्हा नास्का-कुस्को रस्ता चालू आहे ना, हे तिकीट काढण्याआधी बसच्या कचेरीत विचारा.